दारातली दोन ध्यानं

मे महिन्यात धरणगावला दुपारी बारा ते चार या वेळात रस्त्यावर दोनच जीव दिसतात. एक सावली शोधणारं कुत्रं आणि दुसरा पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा. कुत्र्याला निदान कळतं, सावली सापडली की बसावं. भाचा ४४ डिग्रीत आमच्या अंगणात उभा राहून मोबाईलनं फोटो काढत होता. कशाचे? तर आमच्या १९९७ सालच्या मारुती झेनचे.

झेनच्या बॉनेटवर त्या वेळी आईनं जुनी नऊवारी अंथरून त्यावर बिबडे घातले होते. बॉनेट उतरतं, म्हणून साडीचं वरचं टोक वायपरमध्ये अडकवलेलं आणि खालच्या टोकाला दोन दगड बांधून सोडलेले. गेली चार वर्षं गाडीचा मुख्य व्यवसाय हाच. तव्यासारखं तापलेलं बॉनेट म्हणजे बिबडे दोन तासांत कडक. माझ्या घरात उन्हावर चालणारी ही पहिली गोष्ट. छतावरचं सोलर नंतर आलं.

"मामा, जरा ते पापड बाजूला घ्या ना."

"बिबडे आहेत ते," आई ओट्यावरून म्हणाली. पुण्याच्या माणसाला ज्वारीचा बिबडा आणि उडदाचा पापड यांतला फरक समजावण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं आहे.

"मामा, ही कलेक्टिबल आहे! नव्वदीतल्या अशा गाड्या आता कलेक्टर शोधत फिरतात."

आईनं शेवटच्या वाक्यातला एकच शब्द पकडला. "कलेक्टर? जळगावचा? त्याला कशाला पाहिजे आपली गाडी? सरकारनं त्याची काढून घेतली का?" मी आणि भाच्यानं मिळून तिला समजावलं, पण तोवर शब्द कुंपण ओलांडून गेला होता. संध्याकाळी मागच्या गल्लीतले एक काका सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करायचा अर्ज घेऊन माझ्याकडे आले. "सर, साहेब गाडी पाहायला येतीन तव्हा एवढा कागद त्यांच्या हातात द्या." अर्ज अजून झेनच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे. तसा सुरक्षित म्हणायचा.

खरा घोटाळा त्यापुढे झाला. आमच्या घरासमोर आबा राहतात. बी-बियाणं आणि खतांचं दुकान. त्यांच्या दारात फियाट युनो उभी असते, डिझेल, १९९९ सालची, मुंबईच्या साडूकडून घेतलेली. माझ्या गाडीला कलेक्टर शोधतोय हे ऐकल्यावर आबांनी दुसऱ्या दिवशी पहाटे उठून युनो धुतली. धरणगावात मे महिन्यात पाण्यानं गाडी धुणं याला श्रीमंतीचं प्रदर्शन म्हणतात किंवा वेड. मग छातीवर हात बांधून ते भाच्यापुढे उभे राहिले. "काय रे भो, मामानी गाडी कलेक्टिबल, मंग मनी काय शे?"

भाचा खाटेवर मांडी घालून बसला आणि त्यानं आम्हाला जगाची हालहवाल सांगितली. अमेरिकेत म्हणे २५ वर्षं जुनी झालेली परदेशी गाडी तिथल्या सुरक्षा नियमांची कटकट न लागता आयात करता येते. त्यामुळे तिकडचे हौशी लोक नव्वदीतल्या जपानी गाड्यांच्या पंचविशीची वाट बघत बसलेले असतात. होंडाची १९९७ सालची इंटिग्रा टाईप आर ही छोटी, चपळ गाडी तिकडे लिलावात साठ हजार डॉलरच्या वर गेली आहे. "१९९७ ना? मग आपलीपण तेव्हाचीच," आई म्हणाली. तिच्या हिशेबात एका सालच्या सगळ्या वस्तूंचा भाव एक असतो. गव्हाचा असतो, मग गाडीचा का नाही?

आता ही आमची दोन ध्यानं स्पोर्टी कशी, असं कुणी विचारील. त्यासाठी त्याआधीचं जग आठवलं पाहिजे. आमच्या वडिलांच्या पिढीला गाडी म्हणजे अँबॅसॅडर किंवा फियाट. अँबॅसॅडर वळवायची तर आधी मनात वळवावी लागे, मग हातांनी, मग गाडी विचार करून वळे. फियाटचा गिअर स्टिअरिंगला लटकलेला. तो टाकताना शेजारी बसलेल्या सोयऱ्याच्या गुडघ्यावर थाप पडे आणि दोघांनाही आपलेपणा वाटे. पुढे ८०० आली, तिनं मध्यमवर्ग चाकांवर आणला. आणि १९९३ साली झेन आली. ९९३ सीसीचं अॅल्युमिनियमचं इंजिन, ताकद ५० घोड्यांची आणि अंगाचं वजन जेमतेम पाऊण टन. हलक्या अंगाच्या पोरानं आट्यापाट्यात सगळ्यांना चकवावं तशी ती गाडी. पाच गिअर. पायाला जरा खाज सुटली की निघाली पुढे. स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी त्याच क्षणी वळली, हा अनुभव वडिलांना इतका नवा होता की पहिल्या दिवशी ते जिनिंगच्या फाटकातून न जाता शेजारच्या भिंतीकडे वळले. हात अँबॅसॅडरच्या सवयीचा होता, गाडीचा दोष नाही. भिंतीला तो पोचा अजून आहे. झेनचा आम्ही काढून घेतला.

आबांचा पक्ष वेगळा. "पन्नास घोडा कुठं चारशात, सर? पेट्रोलनी पावती पाहिली का?" त्यांच्या युनोत १६९७ सीसीचं डिझेल इंजिन. कपाशीच्या मुलखात डिझेल म्हणजे घरचं माणूस: ट्रॅक्टर त्यावर, पूर्वी विहिरीवरचं इंजिन त्यावर. आबा सकाळी युनो सुरू करतात तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्यांना अजून वाटतं, पाणी सुटलं. स्पोर्टीपणाचा विषय निघाला की आबा युनोची युरोपातली बहीण काढतात. तिकडे १९८५ मध्ये युनो टर्बो निघाली होती आणि तरण्या पोरांची ती लाडकी. म्हणजे आबांच्या युनोचा खेळाशी संबंध आहे. तो आमच्या गावच्या काही पुढाऱ्यांचा दिल्लीशी असतो तसा, चुलत्याच्या ओळखीचा.

कुळाचं म्हणाल तर युनो मोठ्या घरची. जुजारो या नामांकित इटालियन माणसानं तिचा घाट घडवला. जानेवारी १९८३ मध्ये तिचं पहिलं दर्शन झालं ते फ्लोरिडात केप कॅनाव्हेरलला, जिथून अमेरिकेचे रॉकेट सुटतात. पुढल्या वर्षी ती युरोपात वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरली. मात्र रॉकेटच्या गावाहून निघून कुर्ल्याला पोचायला तिला १३ वर्षं लागली. कुर्ल्याचा कारखाना प्रीमियरचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली कंपनी, खानदेशातल्या प्रत्येक आडत्याच्या दारातली फियाट तिथलीच, पुढे पद्मिनी झालेली. १९९६ साली युनोचं बुकिंग सुरू झालं तेव्हा लोकांची झुंबड उडाली. मग कारखान्यात संप झाला आणि पावत्या जास्त, गाड्या कमी अशी गत झाली. माझं तर मत आहे की संग्राहकांनी युनो सोडून तिच्या बुकिंगची पावती शोधावी. बिनवापराची, मूळ रंगात, एकाच मालकाची मिळेल.

झेनचं खानदान सुझुकीचं. जन्म गुडगावचा, पण ही पोरगी परदेशी नांदायला गेली. नव्वदीत इथली झेन युरोपात 'अल्टो' या नावानं विकली जात होती. सासरी नाव बदलतात, त्यातलाच प्रकार. वडिलांना हे कुठून तरी कळलं होतं. ते सोयऱ्यांना सांगत, "आपली गाडी विलायतेत चालते." सोयरे घड्याळाकडे बघून म्हणत, "मग आम्हाला स्टेशनवर सोडायला परत कधी येईल?"

नावांवरून मात्र दोन्हीकडे बोलायला जागा आहे. झेन हे जपानी ध्यानपंथाचं नाव. मूळ आपलंच संस्कृत 'ध्यान'. पालीत त्याचं झालं झान, चीनमध्ये चान, जपानात झेन, आणि तिथून ते चार चाकं लावून परत माहेरी आलं. हे मी मोठ्या अभिमानानं घरी सांगितलं. बायकोनं अंगणात नजर टाकली. गळ्यात दगड बांधलेली, अंगावर नऊवारी, तोंडावर बिबड्याचे ओघळ. "मग बरोबरच आहे," ती म्हणाली, "ध्यानच उभं आहे दारात."

युनो म्हणजे इटालियनमध्ये एक. गाडी नावाला इतकी जागते की तिला पुढच्या काचेवर वायपरही एकच आहे. आमच्या भागातला पाऊस बघता तोही आबांनी काढून कपाटात ठेवला तरी चाललं असतं. पण मराठी माणसाच्या कानात युनो म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ. गल्लीत कुणाचं भांडण लागलं की पोरं ओरडतात, "युनो मधी पाडा!" आणि खऱ्या युनोप्रमाणेच आबांची गाडीही सगळं निवळल्यावर घटनास्थळी पोचते. मी एकदा म्हटलं, आबा, मराठीत उणे एक म्हणजे वजा एक. आबा तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी आले ते युरिया संपल्याचं सांगायला. माझ्याकडे शेत नाही.

सुट्या भागांचा मुद्दा संग्राहकाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा, असं भाच्याचं म्हणणं. इथे झेनचं पारडं जड. तिच्या घराण्यातल्या गाड्या गावोगाव, एखादी गोष्ट झेनची मिळाली नाही तर आमचा मिस्त्री ओम्नीची काढतो, ओम्नीची नसली तर ८००ची घासतो आणि ८००चीही नसली तर हातातला पान्हा ठेवून म्हणतो, "ती वस्तू नसली तरी चालतं, सर." अशा चालणाऱ्या वस्तू वगळत वगळत आमच्या गाडीचं वजन बरंच उतरलं असणार. आबांना मात्र मुंबई गाठावी लागते, कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुन्या गाड्यांचे हातपाय तिथे ढिगानं मांडलेले असतात. आबा दरवर्षी गाडीचा एखादा अवयव तिच्या जन्मगावाहून घेऊन येतात, येताना साडूकडे जेवतात आणि साडू दरवर्षी विचारतो, "चालतेय का अजून?" त्या 'अजून'साठी आबा गाडी विकत नाहीत, असा माझा संशय आहे.

दोन्हींतली खरी दुर्मीळ कोणती, असं भाच्याला शेवटी स्पष्टच विचारलं. तो म्हणाला, मामा, झेनमध्ये खरी पाहिजे ती २००३ची कार्बन किंवा स्टील. एक काळी, एक रुपेरी, दोन्ही बाजूंना एकेकच दार, मोजक्याच काढलेल्या. मागे बसणाऱ्यानं पुढचं सीट वाकवून शिरायचं. मी आईकडे बघितलं. तिला सांधेवात आहे. अशी गाडी आमच्या घरी असती तर आई मागे शिरली ती तिथेच राहिली असती आणि तीही कलेक्टिबल झाली असती. १९९९ सालची झेन क्लासिकही म्हणे लोक शोधतात. तिला पुढून गोल दिवे आणि चकचकीत जाळी होती; जीन्स घातलेल्या पोराला आजोबांची पगडी चढवल्यासारखी दिसायची. आमची या दोन्हींतली नाही. आमची साधी, खानदेशी, ज्या रंगाला कंपनीनं काहीतरी काव्यमय नाव दिलं असेल आणि ज्याला आम्ही वांगी रंग म्हणतो. भरताच्या हिरव्या वांग्याचा नव्हे, दुसऱ्या.

बालकवींच्या गावात जन्मून मी निर्झर सोडून पत्र्यावर लिहितोय याची मला कल्पना आहे. पण इथे निर्झर उन्हाळ्यात टँकरनं येतो.

मग सरकार. आपण समजतो जुनी झाली की गाडी विंटेज झाली. तसं नाही. २०२१ साली केंद्राने नियम केला: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झाली पाहिजेत आणि मूळ रूप बदललेलं नसावं, तर विंटेज. नंबरप्लेटवर 'व्हीए' अशी खास अक्षरं मिळतात. मी बोटं मोजली. आमची झेन २०४७ साली विंटेज होईल. म्हणजे देशाच्या स्वातंत्र्याला १०० वर्षं आणि आमच्या गाडीला मान्यता, दोन्ही सोहळे एकाच मांडवात. आबांची युनो २०४९ मध्ये. "दोन वरीस मी थांबसू," आबा म्हणाले. आबा आज ७१ वर्षांचे आहेत. त्यात गंमत अशी की विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, फार तर पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला. म्हणजे आमच्या दोन्ही गाड्या आत्ता ज्या कारणांसाठी बाहेर पडतात, नेमक्या त्याच. त्या हिशेबानं आम्ही नियमाच्या वीसेक वर्षं पुढे आहोत.

तोवर मात्र १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी. १ एप्रिल २०२२ ला कारची त्याची फी ६०० वरून ५००० रुपये झाली होती. ती भरून आलो त्या संध्याकाळी बायकोनं वही काढली. ती जळगावची. तिथे मुलीला पाढे शिकवताना सोन्याच्या भावानं शिकवतात. "मामंजींनी १९९७ साली गाडी केवढ्याला घेतली?" मी म्हटलं, साडेतीन लाखांना. "तेव्हा सोनं होतं पावणेपाच हजार रुपये तोळा." तिनं भागाकार केला. बाकी उरली ती चार आकड्यांची शांतता. "जवळपास पाऊण किलो सोनं. आणि गाडीचं वजन किती म्हणालात?"

"पाऊण टन."

"म्हणजे पाऊण किलो सोनं सोडून पाऊण टन पत्रा घेतला."

याला उत्तर नाही. मी वडिलांच्या फोटोकडे बघितलं. तेही दुसरीकडेच बघत होते.

शेवटी तोंडी वाद पुरे, गाड्या पळवून पाहू, असं ठरलं. धरणगावाहून एरंडोल आणि तिथून पद्मालय, गणपतीचं दर्शन आणि परत. झेनमध्ये मी, भाचा आणि आई. युनोत आबा, वहिनी, दोन नातवंडं आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन. सकाळी साडेसहाला निघालो, कारण नऊनंतर आमच्या भागात स्टिअरिंग हातात धरायला फडकं लागतं.

फाट्यापासून मोकळा रस्ता मिळाला आणि मी झेनला तिसऱ्यात थोडं ताणलं. काय सांगू! २८ वर्षांचं इंजिन, पण आवाज असा की मागे आई भीमरूपी म्हणायला लागली. चौथा. आरशात युनो लहान होत गेली, मग ठिपका, मग नुसता धूर. बाजूनं कपाशीची मोकळी रानं सरकत होती. वडील हयात असते तर त्यांनी डाव्या हातानं डॅशबोर्डवर दोन थापा मारल्या असत्या. ते नेहमी मारत, बैलाला मारावी तशी. मी मारल्या. दुसऱ्या थापेला फट्ट असा आवाज झाला. क्षणभर वाटलं डॅशबोर्ड गेला. गेलं होतं मागचं डावं चाक.

स्टेपनी काढली. ती वडिलांच्या वेळेपासून भरलेली आहे असा माझा समज होता, आणि तिचा तसा समज नव्हता. तेवढ्यात युनो धुरातून प्रकट झाली. आबा थांबतील असं वाटलं. ते हात हलवून पुढे गेले. दोनशे पावलांवर थांबले आणि मागे मागे येऊ लागले. त्यांना आमचा फोटो हवा होता. त्यांच्याकडे कॅमेरा असलेला मोबाईल नाही, म्हणून तो त्यांनी भाच्याकडूनच काढून घेतला: डावीकडे कलती झेन, उजवीकडे उभे आबा, एक पाय युनोच्या बंपरवर.

लोक म्हणतात एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रनगरी. भीमानं बकासुराला इथेच मारला. आम्ही त्या दिवशी एकचक्रनगरीत शिरलो ते खरोखर एकाच चाकाच्या चिंतेत: आई पुढच्या सीटवर, मागे वहिनी, मी, भाचा आणि दोन्ही नातवंडं, आणि माझ्या मांडीवर झेनचं पंक्चर झालेलं चाक. बकासुराकडे गाडाभर अन्न घेऊन जाणाऱ्या भीमालाही एवढं अवघडल्यासारखं झालं नसेल. एवढी माणसं, पाच लिटर पाणी आणि एक चाक घेऊन युनो पद्मालयाचा घाट चढली. सावकाश चढली, आबा प्रत्येक वळणावर माझ्याकडे बघत होते, पण चढली. पद्मालयाच्या गाभाऱ्यात गणपतीच्या दोन मूर्ती शेजारी शेजारी आहेत, एक उजव्या सोंडेची, एक डाव्या. आईनं दोघांपुढे समान नारळ ठेवला. आबा मात्र उजव्या मूर्तीपुढे जरा जास्त वेळ वाकले होते.

निकाल लागला तो पुढच्या आठवड्यात, आणि लावला भंगारवाल्यानं. टेम्पो घेऊन मालेगावकडून आलेला. त्यानं दोन्ही गाड्यांभोवती एक एक चक्कर मारली, बोटाच्या पेरानं दारं वाजवली, झेनच्या पायाशी थोडी माती खरवडली. जुजारो, केप कॅनाव्हेरल, ध्यानपंथ यातलं काहीही त्यानं विचारलं नाही. "झेन हलकी आहे, भाऊ. ही डिझेल भारी." किलोचा दर दोघींना एकच. त्या हिशेबात युनोला चार पैसे जास्त येत होते. आबांनी ते आकडे त्याच्याकडून दुकानाच्या लेटरहेडवर सहीनिशी लिहून घेतले, आणि गाडी विकायची नाही म्हणून त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही कसाले इकतस, सर? राहू द्या तुमनी बी."

लेटरहेड त्यांनी फ्रेम करून दुकानात लावलं आहे, परवान्याच्या शेजारी.

यातून घडलेला बदल एवढाच की पद्मालयाहून परतताना आईनं युनोचं बॉनेट नीट पाहून घेतलं होतं. झेनचं गोलसर, उतरतं. युनोचं सपाट, चौकोनी, पाटासारखं. दगड बांधायची गरज नाही. या वर्षीचे उरलेले बिबडे आबांच्या गाडीवर वाळले. आबांनी भाडं म्हणून आठवड्याला पंचवीस बिबडे मागितले. आईनं वीसवर तोडलं. रोज दुपारी कावळे हाकलायला काठी घेऊन युनोपाशी बसतो तो मी.